विकला, पण दिला नाही

'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम २ डिसेंबर २०१४ रोजी बाजारात आला. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओनं तो बनवला आणि युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीनं विकला. त्यात अख्खी अमेरिका आटवून बसवली होती. न्यूयॉर्कहून गाडी काढायची, मैदानं, डोंगर, वाळवंट ओलांडायचं आणि मध्ये कुठंही न थांबता पाऊण तासाच्या आसपास लॉस एंजेलिसच्या किनाऱ्याला लागायचं. शर्यती तशा बेताच्याच होत्या. पण कुणाशीही स्पर्धा न करता नुसतं भटकायला म्हणून हा गेम उघडणारे बरेच होते.

डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीनं त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. सर्व्हरच्या यंत्रणेतल्या अडचणी आणि परवान्यांच्या मर्यादा अशी कारणं दिली. आता यात ग्राहकाचं काय गेलं, असं वाटू शकतं. दहा वर्षांचा जुना गेम, ऑनलाइन शर्यती बंद झाल्या, एकट्यानं खेळा. गोम तिथंच होती. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी हा गेम आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा, उत्तर आलं तरच उघडायचा. सर्व्हर गेल्यावर डिस्क हातात असूनही पहिल्या पडद्यापुढे काही जाईना. पुढे एप्रिलमध्ये कंपनीनं खेळाडूंच्या खात्यांमधून या गेमचा हक्कच काढून घेतला. म्हणजे कुणी स्वतः खटपट करून तो चालवायचं म्हणेल, तर तीही वाट अवघड करून ठेवली.

त्यावर कॅलिफोर्नियातल्या दोन खेळाडूंनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा लावला. कंपनीचं उत्तर वाचण्यासारखं आहे. तुम्हाला गेम विकलेलाच नव्हता, वापरण्याचा मर्यादित परवाना दिला होता, आणि तो काढून घेण्याची सूचना खोक्यावर छापलेली होती, असा तिचा बचाव. कायद्याच्या भाषेत ते चूकही नसेल. पण साठ डॉलर मोजून दुकानातून खोकं घरी आणणाऱ्याला आपण काही दिवसांची परवानगी आणली असं कधी वाटलं नसणार, आणि तसं वाटू नये याची दुकानानंही पुरेपूर काळजी घेतली होती.

व्हिडिओ गेमच्या धंद्याबद्दल खेळणाऱ्यांच्या तक्रारींची यादी लांबलचक आहे. अर्धेकच्चे गेम, आतली दुकानं, नशिबाच्या पेट्या, रोज हजेरी लावायला लावणारी बक्षिसं. या सगळ्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. पैसे घेतल्यावरही विकणारा वस्तूवरचा हात काढत नाही. हात तसाच राहिला की त्या हातानं आणखी पैसे काढता येतात, आणि मनात येईल तेव्हा खेळ बंदही करता येतो.

पूर्वी हे शक्य नव्हतं, एवढ्याच कारणानं होत नव्हतं. पूर्वीच्या कंपन्या काही साधुसंत नव्हत्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राची तैवान-चीनमधली नक्कल होते आणि त्यांच्या कॅसेटही चोरीच्याच. 'काँट्रा', 'मारिओ', एकात शेकडो गेमचा दावा करणारी ती कॅसेट. माळ्यावर कुठं पडली असेल तर फुंकर मारून आजही चालण्याची शक्यता बरीच. आणि 'द क्रू' रीतसर बिल करून घेणाऱ्याकडे मात्र फक्त बिल उरलंय. चोरीचा माल टिकला आणि इमानानं घेतलेला गेला, हे त्या धंद्याला भूषणावह नाही.

इथं थोडं तंत्राकडे वळू. 'सर्व्हर बंद पडला म्हणून गेम गेला' हे वाक्य नैसर्गिक आपत्तीसारखं ऐकवलं जातं. तसं ते नाही. ऑनलाइन गेममध्ये सर्व्हर साधारण तीन कामं करतो. तुम्ही पैसे भरलेत का, याची खातरजमा. एका वेळी खेळणाऱ्यांची गाठ घालून देणं. आणि कोण कुठं आहे, कुणाकडे काय आहे याचा हिशेब ठेवणं. यातलं दुसरं आणि तिसरं काम कंपनीच्याच संगणकावर व्हायला हवं असं काही नाही. १९९६ च्या 'क्वेक'बरोबर सर्व्हर चालवायची सोय खेळाडूंच्याच हातात दिलेली होती. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमधून 'काउंटर-स्ट्राइक' ज्यांनी खेळला त्यांना हे सांगायला नको. कॅफेतलं एक मशीन सर्व्हर व्हायचं, बाकीची त्याला जोडली जायची, बाहेरचं इंटरनेट गेलं तरी आत गोळीबार चालूच. तो गेम आजही असाच खेळता येतो. उद्या बनवणारी कंपनी बुडाली तरी येईल.

जाताना खेळ चालता ठेवणं आजही जमतं, याचीही उदाहरणं आहेत. सोनीनं जानेवारी २०२४ अखेर 'ग्रान तुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर बंद केले, पण त्याआधी एक अपडेट देऊन एकट्यानं खेळायची आणि प्रगती आपल्याच यंत्रावर साठवायची सोय केली. 'नॉकआउट सिटी' २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा तो बनवणाऱ्या छोट्या वेलान स्टुडिओनं संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन निरोप घेतला. 'रेडफॉल' पडला, त्याचा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टनं बंद केला, तरी शेवटच्या अपडेटमध्ये ऑफलाइन खेळायची सोय आली. खुद्द युबिसॉफ्टनं ओरड झाल्यावर 'द क्रू २'ला २०२५ मध्ये ऑफलाइन रूप दिलं. आणि पहिल्या 'द क्रू'चं म्हणाल, तर काही हौशी मंडळींनी सर्व्हर बंद होण्याआधी गेम आणि सर्व्हर यांच्यात काय देवाणघेवाण चालते ते टिपून ठेवलं होतं. त्यावरून त्यांनी पर्यायी सर्व्हर उभा केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो सगळ्यांना दिला. पगार नाही, कंपनीचं मूळ कोड नाही, मदत नाही, तरी जमलं. तेव्हा प्रश्न तंत्राचा होता असं निदान या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

'द क्रू' बंद पडला त्याच घटनेतून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. रॉस स्कॉट हा पोलंडमध्ये राहणारा अमेरिकी यूट्यूबर तिच्यामागे आहे. मागणी अगदी माफक. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. सोडून जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा, एवढंच. युरोपीय संघात नागरिकांनी दहा लाख सह्या जमवल्या, तर कार्यकारी आयोगाला दखल घ्यावी लागते. तो आकडा जुलै २०२५ मध्ये पार झाला. ब्रिटनमध्ये एक लाखावर सह्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये संसदेत चर्चाही झाली, मात्र कायदा बदलण्याचा विचार नाही असं सरकारनं सांगितलं. उद्योगाच्या संघटनेचं म्हणणं असं, की खाजगी सर्व्हरवर माहितीची सुरक्षितता राहत नाही, तिथं काही गैर घडलं तर जबाबदारी मूळ कंपनीवर येऊ शकते, आणि मुळातच ऑनलाइन म्हणून बांधलेले गेम असे सुटे करणं फार महागात पडेल. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. बांधून झालेल्या इमारतीला नंतर जिना काढणं अवघडच असतं. पण मागणी उद्याच्या इमारतींबद्दल आहे. नकाशातच जिना धरा म्हणणं काही फार नाही.

जुने गेम जपण्याच्या दृष्टीनं एक आकडा बोलका आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथं निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. आणि हे त्या काळातले, जेव्हा डिस्क किंवा कॅसेट निदान हाती तरी यायची. नंतरच्यांचं काय होणार याचा अंदाज बांधायला पाहणीची गरज नाही.

आता दुसरा हात, पैसे काढणारा. त्याची सुरुवात विनोदी आहे. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. त्या चिलखतानं गेममध्ये फारसा फरक पडत नव्हता. खेळाडूंनी यथेच्छ टिंगल केली, पण चिलखत खपलं. पूर्ण किंमत घेऊन विकलेल्या गेमच्या आत आणखी एक दुकान चालू शकतं, हे धंद्याला तिथं कळलं. घोड्याच्या चिलखताचा एक गुण मात्र आज कौतुकानं आठवावा लागतो. पैसे दिले की चिलखतच मिळायचं.

पुढे ती हमीही गेली आणि लूट बॉक्स आला. पैसे भरून पेटी घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीच्या फुटबॉलच्या गेममध्ये २००९ पासून 'अल्टिमेट टीम' हा प्रकार आहे. खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं फोडायची, नशीब असेल तर मेस्सी, नाहीतर कुठल्याशा दुय्यम संघाचा राखीव बचावपटू. पाकिटं खेळून मिळवताही येतात, पण पैसे देऊन लवकर. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ईएला सगळ्या 'अल्टिमेट टीम' मिळून १६२ कोटी डॉलर मिळाले. वरून दर वर्षी गेमची नवी आवृत्ती येते आणि जुन्यात जमवलेला संघ तिथंच राहतो.

याच कंपनीनं २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' काढला तेव्हा ठिणगी पडली. डार्थ व्हेडर हे पात्र घेऊन खेळायचं तर ६० हजार गुण लागत. खेळाडूंनी हिशेब मांडला, तर चाळीसेक तास राबावं लागणार होतं. किंवा मग पेट्या घ्या. रेडिटवर कंपनीच्या प्रतिनिधीनं समजूत घातली, की पात्रं मिळवल्यावर खेळाडूंना अभिमान आणि कर्तृत्वाची भावना यावी हा हेतू आहे. त्या उत्तराला सहा लाखांहून जास्त नापसंत्या पडल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. गुणांची अट पाऊणपट कमी करावी लागली, आणि गेम अधिकृतपणे बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी आतली पैशाची खरेदीच थांबवली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगानं 'फिफा १८', 'ओव्हरवॉच' आणि 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' यांमधल्या पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे २०१९ मध्ये ईएच्या अधिकारी म्हणाल्या, की आम्ही यांना लूट बॉक्स म्हणत नाही, ही आश्चर्याची योजना आहे. चॉकलेटच्या अंड्यात मुलांना खेळणं मिळतं तसं.

सगळीकडे निकाल एकाच बाजूला लागले असं नाही. नेदरलँड्सनं ईएला एक कोटी युरोचा दंड ठोकला होता, तो २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं रद्द केला. पेटी उघडणं हा स्वतंत्र खेळ नाही, मोठ्या कौशल्याच्या खेळाचाच एक भाग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. जुगाराची जुनी व्याख्या घेऊन या प्रकरणात उतरलं की असंच होतं. व्याख्या लावणाऱ्यांचा सगळा जोर 'हा जुगार आहे का' यावर, आणि 'ग्राहकाला खरं सांगितलं का' हा सोपा प्रश्न बाजूला.

तो सोपा प्रश्न दक्षिण कोरियानं विचारला. नेक्सॉन या कंपनीचा 'मेपलस्टोरी' २००३ पासून चालू आहे. त्यात २०१० मध्ये 'क्यूब' आले. खेळाडूच्या शस्त्राला किंवा टोपीला तीन गुण चिकटलेले असतात; क्यूब वापरला की ते तिन्ही नव्यानं पडतात, फाशांसारखे. हवे ते पडले नाहीत तर आणखी एक क्यूब. प्रत्येकाला एकच जबरदस्त गुण तिन्ही जागी हवा असायचा आणि त्यासाठी लोक एकामागून एक क्यूब घेत राहायचे. तिथल्या व्यापार नियंत्रण आयोगानं चौकशी केली तेव्हा निघालं, की मागणी असलेले गुण पडण्याची शक्यता कंपनीनं गुपचूप कमी केली होती आणि २०११ पासून काही जोड्या पडूच शकत नव्हत्या. शक्यता शून्य. बदल कळवला नाही, उलट काही बदललेलं नाही असं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड झाला, तेव्हाच्या दरानं सत्तरएक कोटी रुपये. त्याच वर्षी मार्चपासून शक्यतांचे आकडे जाहीर करणं कोरियात सक्तीचं झालं. मटक्याच्या अड्ड्यावरसुद्धा न निघणारा आकडा वर्षानुवर्षं विकता आला नसता. तिथं लोक घरी येऊन विचारतात.

फसवणूक पकडली गेली तेव्हाच आपल्याला कळते. पण न फसवताही काय करता येईल याचा नमुना अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात नोंदलेला आहे. अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं, अर्ज २०१५ चा. विषय, ऑनलाइन सामन्यात कुणाची गाठ कुणाशी घालायची. समजा एक नवखा खेळाडू आहे आणि त्याला दुरून नेम धरून मारण्यात गोडी आहे, हे त्याच्या खेळण्यावरून यंत्रणेला कळलंय. मग त्याला अशा सामन्यात टाकायचं जिथं एक तरबेज खेळाडू नेमकी विकाऊ रायफल वापरून बाकीच्यांना टिपतोय. नवख्याला वाटावं, आपल्याकडेही ती हवी. त्यानं ती घेतली, की पुढचा सामना असा द्यायचा जिथं तीच रायफल चांगली चालेल. म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील आणि पुढची खरेदी सोपी होईल. हे संशोधनापुरतं होतं, कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीनं सांगितलं. ठीक. पण मैदानात आपल्यासमोर कोण येणार हे आपल्या खिशाकडे बघून ठरवण्याची कल्पना कुणीतरी बसून, आकृत्या काढून, वकिलाकडून नीट लिहवून घेतली होती.

पैसे पैशांसारखे दिसू नयेत हीही त्यातलीच तजवीज. फोर्टनाइट या गेममध्ये 'व्ही-बक्स', आपल्याकडच्या बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये 'यूसी'. रुपये देऊन ही नाणी घ्यायची आणि नाण्यांनी माल. नाण्यांच्या थैल्या ठरावीक मापाच्या आणि मालाच्या किमती त्या मापाला न जुळणाऱ्या. त्यामुळे थोडी नाणी नेहमी उरतात, त्यांचं काही येत नाही, म्हणून आणखी एक थैली. युरोपीय संघाच्या ग्राहक यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये काढलेल्या तत्त्वांत नेमकं हेच पकडलंय : किंमत खऱ्या चलनात दाखवा, आणि नको तेवढी नाणी गळ्यात मारू नका.

फोर्टनाइटचं प्रकरण तर आईबापांनी मुद्दाम वाचावं. डिसेंबर २०२२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सनं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. तक्रार बटणांच्या रचनेची होती. यंत्र झोपेतून उठवताना, पडदा लोड होत असताना, किंवा एखादा पोशाख नुसता पाहताना शेजारचं बटण दाबलं गेलं, तरी खरेदी व्हायची. पूर्वी मुलांनाही आईवडिलांना न विचारता त्यांच्या कार्डावर नाणी घेता येत होती. आणि कुणी कार्ड कंपनीकडे दाद मागितली, तर एपिक त्याचं खातं बंद करायची, असं आयोगाचं म्हणणं. म्हणजे चुकून गेलेले शंभर मागायला जा, तर आजवर रीतसर घेतलेलं सगळंच कुलूपबंद. विकलेल्या मालावर विकणाऱ्याचा हात राहिला की तो असा उपयोगी पडतो.

अर्धेकच्च्या गेमबद्दल फार लिहायला नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तो जुन्या प्लेस्टेशनवर इतका कोलमडत होता, की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवता येते, म्हणून आधी विका, मग शिजवा. तो गेम पुढे सुधारला आणि नावाजलाही गेला, त्यामुळे ही सवय मोडण्याऐवजी बळकटच झाली असावी. आधीच पैसे भरून नाव नोंदवण्याची पद्धत तर माझ्या समजुतीपलीकडची आहे. डाउनलोड होणारा गेम दुकानात संपत नाही.

उद्योगाची बाजू पोकळ नाही. मोठ्या गेमची किंमत २००५ च्या सुमारापासून पंधराएक वर्षं साठ डॉलरवर थांबली होती, आणि बनवण्याचा खर्च मात्र वीस-वीस कोटी डॉलरच्या पुढे गेला. आपल्याकडे तर चार-पाच हजारांचा गेम घेणारे थोडे, आणि हातातल्या फोनवर फुकटात खेळणारे कोट्यवधी. सांगलीतल्या एखाद्या पोराला बीजीएमआय फुकट मिळतो, तो दुसरा कुणी पोशाखावर पैसे उडवतो म्हणून. त्यात मला वावगं वाटत नाही. फुकट गेम द्या, उघड किंमत लावून पोशाख विका. माझी तक्रार पूर्ण किंमत घेऊन वर पेट्या मांडणाऱ्यांबद्दल आहे, आणि फुकटच्या नावाखाली शक्यता लपवणाऱ्यांबद्दल. लॅरियन स्टुडिओचा 'बाल्डर्स गेट ३' २०२३ मध्ये आतल्या दुकानाशिवाय आला आणि त्या वर्षीचे जवळजवळ सगळे मोठे पुरस्कार घेऊन गेला. सगळ्यांना तसं जमेल असं नाही, पण ग्राहक सरळ व्यवहाराला पैसे देत नाही हे म्हणणं खोटं ठरलं.

भारतात ही चर्चा वेगळ्याच वळणानं गेली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी आणली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावानं परतला, जुन्यातला माल नव्यात आणण्याची सोय काही काळ दिली गेली. एक वर्षानं, जुलै २०२२ मध्ये, तोही हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. इथं कळ कंपनीनं नाही, सरकारनं दाबली होती. खेळाडूच्या कपाटातल्या मालाची अवस्था दोन्हीकडे सारखीच. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली, ड्रीम११ ला आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. त्या कायद्याचा सगळा रोख पैसे जिंकण्यावर आहे. लूट बॉक्समध्ये पैसे जिंकायचे नसतातच, फक्त घालवायचे असतात. त्यामुळे रमीवर चर्चा झाली, पेट्यांवर फारशी नाही.

खेळांसाठी वेगळा कायदा लागतोच असंही नाही, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. स्टीम हे संगणकावरच्या गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान, चालवणारी कंपनी व्हॉल्व्ह. घेतलेला गेम चालला नाही तरी पैसे परत नाहीत, असा तिचा नियम होता. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं २०१४ मध्ये तिला न्यायालयात खेचलं, ते साध्या ग्राहक कायद्याच्या आधारे. आम्ही अमेरिकेत आहोत, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही, हा बचाव टिकला नाही आणि २०१६ मध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, व्हॉल्व्हनं जगभर नवा नियम लागू केला : घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर कारण न विचारता पैसे परत. आज नागपुरात बसून गेम परत करणाऱ्यालाही हाच नियम मिळतो. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून आणखी एक साधी गोष्ट केली. मालकी देत नसाल तर तुम्ही फक्त परवाना देताय हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगा, नाहीतर 'विकत घ्या' हे शब्द वापरू नका. स्टीमवर तशी ओळ आता पैसे भरण्याच्या पानावर दिसते.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि त्याखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. ती वाचताना गेमच्या आतलं दुकान डोळ्यांसमोर येतं. 'फक्त चोवीस तास शिल्लक' अशी खोटी घाई, ग्राहकाची दिशाभूल होईल अशी बटणांची मांडणी, सुटका अवघड करणारी वर्गणी, सारखा लावलेला तगादा, हे सगळं त्यात नावानिशी आहे. ही मनाई भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या ऑनलाइन मंचांना आहे आणि गेमला त्यातून वगळलेलं नाही. मुलानं चुकून दाबलेल्या बटणानं पैसे गेले असतील, तर खरेदीची पावती आणि त्या पडद्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.